तिसरीचा वर्ग

गटारी अमावास्येच्या आधीचा गुरुवार होता. दुपारपासून पाऊस लागून राहिला होता आणि चहासाठी दूध आणण्याची पाळी माझी असल्यामुळे, दोन पिशव्या हातात घेऊन मी शाळेच्या जिन्यापाशी नेहमीपेक्षा दहा मिनिटे उशिरा पोहोचलो. तीन-चार पायऱ्या चढलो असेन, तोच मागून आवाज आला, "इथे संध्याकाळचा काही क्लास असतो का?" मी वळून पाहिले. फाटकाशेजारच्या पत्र्याखाली पंचेचाळिशीचे एक गृहस्थ उभे होते. शर्ट नीट खोचलेला, खांद्याला ऑफिसची बॅग आणि हातात छत्री, तीही मिटलेली. पत्र्याच्या अगदी कडेला उभे असल्यामुळे त्यांचा एक खांदा भिजत होता आणि ते त्यांच्या लक्षात आलेले दिसत नव्हते. वॉचमनने तंबाखू मळता मळता त्यांच्याकडे पाहिले आणि कोणताही वाईट हेतू मनात न ठेवता, सरळपणाने सांगितले, "क्लास नाही साहेब, गुरुवारी वर दारुड्यांची मीटिंग असते." गृहस्थांनी घाईघाईने मान हलवली. "नाही नाही, मला क्लास पाहिजे होता," असे म्हणून ते छत्री न उघडताच रस्त्यावर उतरले आणि रिक्षांच्या गर्दीत दिसेनासे झाले.

कोणता क्लास, हे त्यांनी सांगितले नव्हते. ज्याला खरोखर क्लास हवा असतो तो स्कॉलरशिपचा की टायपिंगचा हे आधी सांगतो, पोराची इयत्ता सांगतो, फी विचारतो. मला हे जिन्यावरच कळले होते, कारण आठ वर्षांपूर्वी याच फाटकापाशी मी स्वतः "योगाचा वर्ग इथेच भरतो ना?" असे विचारले होते. दोन पायऱ्या उतरून नुसते "या, चहा घ्या" एवढे म्हणता आले असते. मी ते म्हटले नाही. मी दूध घेऊन वर गेलो.

ते दूध काही लगेच नासणार नव्हते.

आमची बैठक महापालिकेच्या या शाळेत तिसरीच्या वर्गात भरते. गटाचे नाव आणि शाळेचा पत्ता मी इथे लिहीत नाही. डोंबिवलीत राहणाऱ्या ज्या कोणाला गरज आहे त्याला तो कसा मिळतो हाच या लेखाचा विषय आहे, तेव्हा ते पुढे येईलच. वर्गातले बाक आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या मापाचे असल्यामुळे आम्हा सगळ्यांचे गुडघे हनुवटीच्या दिशेने वर येतात आणि कितीही हुद्द्याचा माणूस असला तरी तिथे बसल्यावर तो थोडा हास्यास्पद दिसतो, याचा आम्हाला फायदाच झाला आहे. भिंतीवर पाढ्यांचे तक्ते आहेत, एका कोपऱ्यात कागदी घड्याळ आहे, ज्याचे काटे मुलांनी हवे तसे फिरवून ठेवलेले असतात, आणि फळ्यावर सकाळी बाईंनी लिहिलेला सुविचार असतो, जो आम्ही पुसत नाही. खडू, ओले दप्तर आणि खिचडी यांचा मिळून जो वास अशा वर्गांना असतो, त्यात आमच्या चहाचा वास मिसळतो. जिन्याच्या पायऱ्या बावीस आहेत. बारा असत्या तर आमच्यातल्या कोणीतरी त्यावर नक्की भाषण केले असते, कारण आमचा सगळा कारभार अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्या आणि बारा परंपरा यांच्यावर चालतो. तिथे जे ऐकले ते तिथेच ठेवायचे, हाही त्या कारभाराचाच भाग असल्याने इतरांच्या कहाण्या या लेखात येणार नाहीत. माझी स्वतःची मात्र सांगायला हरकत नाही.

दारू सुटावी म्हणून मी आणि माझ्या घरच्यांनी जे शोधले त्याची सुरुवात भिंतींपासून झाली. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर, एसटी स्टँडच्या मुतारीत, विजेच्या खांबांवर "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" अशी अक्षरे आपण सगळ्यांनी वाचलेली आहेत. त्यातल्या एका क्रमांकावर माझ्या बहिणीने फोन केला आणि टपालाने पावडरीच्या पुड्या मागवल्या. त्या पुड्यांत काय होते हे ना तिला ठाऊक होते, ना माझ्या आईला, जी ती पावडर आमटीत मिसळत होती. एके रात्री पिऊन आल्यावर जेवलो आणि छाती धडधडायला लागली, चेहरा तापला, उलट्या थांबेनात. डायसल्फिराम नावाचे एक औषध असते, ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की असेच होते आणि ते जिवावरही बेतू शकते. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते, हे मला पुढे कळले. आमच्या पुड्यांत तेच होते की आणखी काही, हे कधीच समजले नाही. मला त्या रात्रीची आठवण उलट्यांमुळे राहिलेली नाही. आई दारात उभी होती आणि तिचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता, तो चेहरा राहिला आहे. घरात चोर एकच होता, आणि तो बादलीपाशी बसलेला होता.

त्यानंतर मामांनी मला आळंदीला नेले आणि गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली की मांस-मच्छी आणि दारू वर्ज्य, हे आमच्या घराण्यात वादाच्या पलीकडचे होते, आणि मला खरोखरच वाटले की आता सुटलो. एक्केचाळीस दिवस सुटलोही. बेचाळिसाव्या दिवशी बारच्या बेसिनपाशी मी माळ काढली, रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली, आणि बाहेर पडताना पुन्हा गळ्यात घातली. असे करणारा मी पहिला नव्हतो. त्याच बेसिनपाशी मी आणखी एकाला हे करताना पाहिले होते आणि आम्ही दोघांनीही दुसरीकडे पाहिले होते. माळेवर माझा आजही राग नाही. माळ घालून ज्यांची सुटली अशी माणसे मला माहीत आहेत, माझे मामा त्यांतलेच एक. माझ्यापाशी मात्र ती वस्तू काढता येण्याजोगी होती, आणि जे काढता येते ते मी काढले.

पुण्याच्या मुक्तांगणाचे नाव घरात सगळ्यांना पाठ होते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली ती संस्था महाराष्ट्रात व्यसनमुक्ती या शब्दाला जवळजवळ प्रतिशब्द झाली आहे. पण तिथे दाखल व्हायचे म्हणजे महिन्याहून अधिक रजा, आणि रजेच्या अर्जावर कारण लिहायचे, या विचाराने मी ते टाळत राहिलो. एका सोमवारी मी शूरपणे, कोणालाही न सांगता, घरच्या घरी बंद केली. पहिल्या दिवशी हात इतके थरथरत होते की चहा बशीत सांडत होता. दुसऱ्या दिवशी घामाने दोनदा अंथरूण बदलावे लागले. तिसऱ्या रात्री समोरच्या भिंतीवर मुंग्यांची एक रांग दिसली, शिस्तीत चालणारी, खिडकीपासून देवघरापर्यंत, आणि मी उठून ती झाडूने झाडू लागलो. भिंतीवर काहीही नव्हते. बायकोने शेजाऱ्यांना उठवून मला रुग्णालयात नेले, तिथे आधी बी-वन जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देऊन मग सलाइन लावले गेले, आणि सकाळी आलेल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "अनेक वर्षं रोज पिणाऱ्यानं अशी एकदम सोडायची नसते, हे तुम्हांला कुणी सांगितलं नाही का? फिट येऊन माणूस दगावतो." कोणी सांगितले नव्हते. दारू कशी प्यायची हे सांगणारे शंभर भेटले होते, ती कशी सोडायची हे सांगणारा तो पहिला, आणि तोही सोडून झाल्यावर भेटलेला.

आठवडाभराने घरी आलो आणि पंधरा दिवसांत पुन्हा प्यायला लागलो. हे वाक्य लिहिताना आजही हात थबकतो, पण शोधाची गोष्ट सांगायची तर ते वगळून चालणार नाही, कारण कात्रण मला त्यानंतर सापडले. मी स्वयंपाकघरात पैसे शोधत होतो. डाळीच्या डब्यांखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद मी उचलला, आणि पैशांऐवजी एक चौकोनी कात्रण हाताला लागले. दोन ओळींचे छोटे निवेदन होते, दारूची समस्या असल्यास आम्ही मदत करू शकतो अशा अर्थाचे, आणि खाली एक दूरध्वनी क्रमांक. कात्रणाच्या मागच्या बाजूला हवामानाचा अंदाज होता आणि त्यावरून तारीख कळत होती: कात्रण चौदा महिने जुने होते. चौदा महिने ते डाळीच्या डब्यांखाली होते आणि त्यावरून रोज स्वयंपाक होत होता. मी ते होते तसे ठेवले, कागद नीट अंथरला, डबे जागेवर ठेवले. क्रमांक मात्र तळहातावर लिहून घेतला, का ते मला त्या वेळी सांगता आले नसते.

फोनवरच्या माणसाने मला काहीही विचारले नाही, फक्त कुठे राहता एवढे विचारले. मी खोटे सांगितले. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून मी दादर सांगितले, आणि त्यांनी मला माहीमच्या एका चर्चच्या आवारातल्या खोलीचा पत्ता दिला. मुंबईत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या कितीतरी बैठका चर्चच्या जागेत भरतात, आणि त्यातल्या पुष्कळशा इंग्रजीत चालतात. लोकल बदलून, दीड तास प्रवास करून मी तिथे पोहोचलो, शेवटच्या खुर्चीवर बसलो, आणि तासभर माझ्या कहाण्या दुसऱ्यांच्या तोंडून परक्या भाषेत ऐकत राहिलो. शब्द कळत होते. पण स्वतःविषयी बोलण्याची पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून केवळ नाव निघाले आणि पुढचे वाक्य घशात राहिले, कारण जे मला सांगायचे होते ते मी इंग्रजीत कधी केलेलेच नव्हते. बायकोच्या हातून पाकीट हिसकावणे, पोराच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेत झोपणे, ही सगळी मराठीत घडलेली पापे होती.

बैठक सुटल्यावर माहीम स्थानकाकडे चालताना एक वयस्क गृहस्थ माझ्या बरोबरीने चालू लागले. कुठे जायचे, असे त्यांनी विचारले, आणि मी थकलो असल्यामुळे खरे सांगून बसलो. ते थांबले. "अहो, मीही डोंबिवलीचाच. इतक्या लांब कशाला आलात? आपल्याकडे गुरुवारी असते की, मराठीतच." मग त्यांनी पत्ता सांगितला. स्टेशनच्या पूर्वेला उतरायचे, रिक्षास्टँडच्या पुढे अमुक एक परमिट रूम आहे, तिच्या मागची गल्ली, गल्लीत महापालिकेची शाळा. शाळेचे नाव त्यांना आठवेना. परमिट रूमचे मात्र अचूक आठवले.

मला ते सांगण्याची गरजच नव्हती. ती माझी परमिट रूम होती.

आपल्याकडे हे ठिकाण सांगण्याचे शास्त्रच असे आहे. बार म्हणजे खूण; त्याच्या पाटीचे निळे-तांबडे दिवे लांबून दिसतात, रिक्षावाल्याला नाव पुरे होते. परमिट रूम या नावामागे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, ज्यानुसार महाराष्ट्रात दारू प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो, आणि तो परवाना आरोग्य टिकवण्यासाठी म्हणून दिला जातो, हा विनोद सरकारने स्वतः केलेला आहे. याउलट आमच्या गटाला पाटी नाही. त्रिकोण काढलेला एक वहीचा कागद गुरुवारी संध्याकाळी वर्गाच्या दाराला चिकटवतात आणि निघताना काढून घेतात, कारण सकाळी तिथे मुले यायची असतात. त्या बारच्या खिडकीशेजारचे टेबल माझे ठरलेले होते. तिथून मागची शाळा दिसे, आणि वर्षानुवर्षे मी पाहत आलो होतो की गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या एकाच वर्गात दिवा लागलेला असतो. वेटरला मी एकदा विचारलेही होते. "रात्रशाळा असेल," असे तो म्हणाला होता. तीसेक पावलांवरून तो उजेड मी किती गुरुवार पाहिला असेन, याचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला आणि शंभराच्या पुढे गेल्यावर सोडून दिला.

तर त्या गुरुवारी मी योगाचा वर्ग विचारत फाटकापाशी आलो. वॉचमन तेव्हा दुसरा होता आणि तो काहीच बोलला नाही, हनुवटीने जिना दाखवला. वर माहीमचे काका होतेच. पहिल्या बैठकीत मी "मला दारूचा थोडा त्रास आहे" असे म्हणालो, जणू काही गुडघेदुखी. कोणी हसले नाही. पण पुढचे कित्येक आठवडे मी शब्द शोधत राहिलो. आपल्या भाषेत या माणसाला नावे भरपूर आहेत, आणि त्यातले एकही स्वतःविषयी उच्चारण्याजोगे नाही. मद्यपी म्हटले की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखे वाटते. मद्यपी तोल जाऊन पडत नाही, तो "आढळून येतो". व्यसनी म्हटले तर त्यात तंबाखूपासून लॉटरीपर्यंत सगळे येते. दारुड्या हा शब्द दुसऱ्याविषयी बोलण्याकरिताच जन्मलेला आहे, पेताड तर नुसता कानाखाली वाजवल्यासारखा. काका मात्र दर वेळी शांतपणे म्हणत, "नमस्कार, मी बेवडा." बेवडा हा मुळात दोनदा गाळलेल्या दारूचा शब्द, तो दारूऐवजी पिणाऱ्याला कधी चिकटला कोणास ठाऊक. एकदा मी त्यांना विचारले की ही शिवी तुम्ही स्वतःला का देता. ते म्हणाले, "चाळीत सगळे हेच म्हणायचे, मी सोडून. मी म्हणायला लागलो तसे ते म्हणायचे थांबले." मी स्वतः शेवटी मद्यपीवरच थांबलो. तो परका शब्द मला माझ्यापासून हातभर लांब ठेवतो, आणि तेवढे अंतर असल्याशिवाय मला बोलता येत नाही. गटात याला कोणाची हरकत नाही, मला मात्र अधूनमधून वाटते की ही पळवाट आहे.

काका एक गोष्ट नेहमी सांगत, आणि ती माझ्या या शोधाशी इतकी जुळते की इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक दलाल अमेरिकेतल्याच अॅक्रन या गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते, सौदा फसला होता, खिसा रिकामा होता, आणि तो हॉटेलच्या मोठ्या दालनात येरझारा घालत होता. एका टोकाला बार होता, तिथून हसण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि शेजारी गावातल्या चर्चांची यादी लावलेली होती. "एका बाजूला बार, एका बाजूला फोन," असे म्हणून काका दोन्ही हात पसरून दाखवत, तेव्हा तिसरीच्या वर्गात ते हॉटेल उभे राही. बिल फोनकडे गेला, यादीतले क्रमांक फिरवत गेला आणि प्रत्येकाकडे त्याने एकच मागणी केली: बोलायला एखादा दारुडा मिळेल का? अशा फोनाफोनीतून तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोहोचला. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेटायला आले आणि काही तास बसले. महिनाभरानंतर, १० जून रोजी, डॉक्टरांनी घेतलेला पेला त्यांचा शेवटचा ठरला आणि तोच दिवस या संघटनेचा जन्मदिवस मानला जातो. भारतात ती आली १९५७ मध्ये, दिल्लीत. या गोष्टीत मला नेहमी एक जागा अडते. बिलला डॉक्टरची दारू सोडवायची होती हे खरे. पण त्याहून आधी त्याला स्वतःला त्या दालनातून बाहेर पडायचे होते. समोरच्याला शोधणे हीच त्याची गरज होती.

आणि मी परवा दूध घेऊन वर गेलो.

आमच्या परंपरांमध्ये एक अशी आहे की आपण प्रचार करायचा नाही, लोकांना आपल्याकडे ओढ वाटली पाहिजे. या परंपरेमागे मी किती सहज लपू शकतो, हे त्या गुरुवारी माझ्या ध्यानात आले. अनोळखी माणसाला जिन्यावरून "तुम्ही शोधताय ते आम्हीच" असे सांगणे म्हणजे त्याच्यावर आरोप करणे, तो उद्या इकडे फिरकणारही नाही, असे मी स्वतःला पटवले. यात थोडे तथ्य आहेच. पण बारा पायऱ्यांमधली शेवटची पायरी नेमके हेच सांगते, की जे मिळाले ते दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत पोहोचवायचे, आणि माहीमच्या रस्त्यावर काकांनी मला ओळख नसताना बरोबर घेतले तेव्हा त्यांनी कोणती परंपरा मोडली होती? खरे कारण मला वाटते साधे आणि लाजिरवाणे होते. वॉचमन "दारुड्यांची मीटिंग" असे म्हणाला तेव्हा मी जिन्यावर होतो, आणि त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले होते. आठ वर्षांनंतरही, त्या क्षणी, मला दूध घेऊन चाललेला शिपाई दिसणे अधिक बरे वाटले.

कात्रणाचे राहिले. बैठकांना जायला लागून पाच-सहा महिने झाल्यावर मी एकदा बायकोला विचारले की तू तो क्रमांक कापून ठेवलास, मग मला सांगितले का नाहीस. ती भाजी निवडत होती. तिने कात्रण कापले त्याच दिवशी फोन केला होता. पलीकडून तिला सांगण्यात आले की त्यांना पाठवू नका, त्यांना यावेसे वाटेल तेव्हा ते येतील, तुम्ही मात्र या. आणि घरातल्यांसाठी जी वेगळी बैठक असते, अल-अॅनॉन नावाची, तिचा पत्ता दिला. ती बिल विल्सनच्याच पत्नीने, लोइसने, १९५१ मध्ये एका मैत्रिणीबरोबर सुरू केलेली, हे मी नंतर वाचले. चौदा महिने माझी बायको दर मंगळवारी भजनाला जाते असे सांगून तिथे जात होती. मी त्या भजनाची यथेच्छ टिंगल केलेली होती, टाळ कुटून कोणाचे भले झाले आहे, वगैरे. "तिथं काय बोलायचीस?" मी विचारले. "पहिले दोन महिने काही नाही, नुसती रडायचे," ती म्हणाली, "मग कळलं की तुमच्या पिण्यावर माझा ताबा नाही. तेव्हापासून बाटल्या शोधणं सोडलं." मला आठवले की त्या सुमारास तिने खरोखरच बाटल्या शोधणे सोडले होते आणि मला ते तिचे दुर्लक्ष वाटून मी चिडलो होतो. आज ती मंगळवारी जाते तेव्हा काय सांगून जाते? अजूनही "भजनाला जाते" असेच म्हणते. शेजारणींसाठी तेच सोयीचे आहे.

आठ वर्षे म्हटले, पण मोजायची वर्षे सहाच आहेत. दुसऱ्या वर्षी भाच्याच्या लग्नात, हळदीच्या रात्री, कोणीतरी हातात दिलेला ग्लास मी परत केला नाही. आमच्यात याला स्लिप झाली असे म्हणतात, जणू पाय घसरला. माझा पाय घसरला नव्हता, मी नीट विचार करून, इकडेतिकडे पाहून प्यालो होतो. ती घसरण अकरा दिवस चालली. त्यानंतरच्या गुरुवारी मी शाळेच्या फाटकापाशी आलो आणि मला जिना चढता येईना. पहिल्या वेळी पत्ता ठाऊक नव्हता. आता पायऱ्या किती, चहा कोण करतो, कोणता बाक डुगडुगतो, सगळे ठाऊक होते, आणि तरी मी दोन वेळा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आलो. गल्लीच्या तोंडाशी काय आहे हे आधी सांगितलेच आहे. तिसऱ्या फेरीला काका खाली आले. ते मला न्यायला आले नव्हते, साखर संपली म्हणून आले होते. मला पाहून म्हणाले, "बरं झालं, सुटे आहेत का तुमच्याकडे?" मी वीस रुपये दिले, आम्ही साखर आणली आणि बरोबरच वर गेलो. वर्गात पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागलो. त्यांना माझी स्लिप तेव्हा कळली होती का, हे मी त्यांना कधीच विचारले नाही, आणि आता ते नाहीत.

हल्ली शोधणे सोपे झाले आहे, असे गटातली तरुण मुले म्हणतात. सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फुकट क्रमांक आहे, मोबाईलवर बैठकांच्या वेळा दिसतात, घरबसल्या पडद्यावरच्या बैठकीलाही बसता येते. ते चांगलेच आहे. तळहातावर क्रमांक लिहावा लागला नसता तर मलाही बरे वाटले असते. पण ते छत्रीवाले गृहस्थ हे सगळे पाहूनच आले असणार. त्यांच्या हातात पत्ता होता, वार बरोबर होता, वेळ बरोबर होती. फाटकापर्यंत ते बिनचूक पोहोचले होते, आणि तिथून पुढच्या बावीस पायऱ्या कोणत्याच नकाशात नसतात.

पुढच्या गुरुवारी मी अर्धा तास आधी गेलो आणि वॉचमनच्या शेजारी स्टुलावर बसलो. पाऊस नव्हता. गटारी होऊन गेली होती, श्रावण लागला होता, आणि गल्लीच्या तोंडाशी एरवीपेक्षा बरीच शांतता होती. मी त्याला म्हटले, "भाऊ, कुणी विचारलं तर दारुड्यांची मीटिंग असं सांगू नका." त्याला वाईट वाटले. "मग काय सांगू साहेब? असतं तेच सांगितलं." हे खरेच होते. मी विचार करू लागलो. मद्यपींची बैठक म्हटले तर त्याला ते बोलताच आले नसते आणि ऐकणाऱ्याला काही कळले नसते. नुसते "वर जा" म्हटले तर शाळेत रात्री कोणालाही वर पाठवणे त्याच्या नोकरीत बसत नव्हते. काका असते तर त्यांना हा प्रश्नच पडला नसता. आम्ही दोघे बराच वेळ शब्द शोधत बसलो, आणि मग तोच म्हणाला, "सोमवारी पण एक जण विचारून गेलं. क्लास कधी असतो म्हणून."

मी सावध झालो. "छत्रीवाले? बॅग होती खांद्याला?"

"नाही नाही, बाई होती."

आमच्या गटात आजवर दोनच बाया आल्या, आणि दोघीही तिसऱ्या बैठकीनंतर दिसल्या नाहीत. पुरुषाला जो जिना बावीस पायऱ्यांचा आहे तो बाईला किती पायऱ्यांचा पडत असेल, हे मला ठाऊक नाही. पण ती स्वतःसाठी विचारत होती असेच कशावरून? नवऱ्यासाठी असेल, भावासाठी असेल, त्या भिजलेल्या खांद्याच्या गृहस्थांची कोणी असेल. पोराच्या स्कॉलरशिपसाठीही असेल. "कोणासाठी विचारत होती?" मी म्हटले.

"मी कशाला विचारू ते?" वॉचमनने तंबाखूची डबी बंद केली. "गुरुवारी आठला असतो, वरती, तिसरीच्या वर्गात, असं सांगितलं. क्लासच म्हणालो. चालेल ना?"

आठ वाजायला दहा मिनिटे होती. मी दुधाच्या पिशव्या वर पाठवून दिल्या आणि स्टूल थोडे फाटकाच्या बाजूला सरकवले.